पट्टीवर नाव कोणाचं?

नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये माल विकला गेला की शेतकऱ्याच्या हातात एक पट्टी पडते. वरती मालाचं नाव, पोती किंवा क्रेट, वजन, भाव. खाली कापलेले पैसे : हमाली, तोलाई, भराई. पट्टी वाचून शेतकरी मनातल्या मनात शिव्या घालतो, तो भाग वेगळा. पण पोतं कोणीतरी उचललं, कोणीतरी काट्यावर चढवलं आणि त्या उचलण्या-चढवण्याला मोल होतं, हे त्या चिटोऱ्यावर कबूल केलेलं असतं. २०१६पर्यंत फळं-भाज्यांची अडतही शेतकऱ्याच्याच माथी होती. त्या वर्षी सरकारने ती खरेदीदारावर टाकली. कोणाचं काम कोणाच्या खिशातून, यावर इथे भांडण होतं आणि कधी कधी ते कायद्यापर्यंत पोचतं.

मार्केटजवळच्या वस्तीत राहणाऱ्या मामा-भाचीचं भांडण अजून कायद्यापर्यंत पोचलेलं नाही. मामांनी तरुणपणी शहरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटरचा हेल्पर म्हणून काम केलं, मग मार्केटमध्ये हमाली धरली आणि पुढे मापारी म्हणून काट्यावर बसले. भाची कॉमर्सची पदवीधर. सिनेमाचं वेड इतकं, की दोन वर्षांपासून ती हिवाळ्यातल्या एका चित्रपट महोत्सवात थिएटरच्या मागच्या बाजूचं काम करते. ‘प्रिंट ट्रॅफिक’ म्हणतात त्याला. प्रिंट राहिली नाही, नाव राहिलं. मोबदल्यात तिला मिळतो एक टी-शर्ट, गळ्यातला पास आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. महोत्सवाचं नाव मी देत नाही. देशातला कोणताही घ्या, मागच्या दाराने आत गेलात तर थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

फेब्रुवारीत मिरचीची आवक जोरात होती, वस्तीभर खाट पसरला होता आणि मी दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसलो होतो. जे ऐकलं ते, थोडं आवरून, पुढे देतो.

मामा : हे पाहा भाऊ, मी इतकंच म्हनून राहिलो का पोट्टी सकाळी आठले घरून निघते अन् रात्री बाराले येते. काम काय करतं म्हटलं, तं म्हनते सेवा. अरे, सेवा तं मंदिरात असते.

भाची : सेवा मी म्हटलंच नाही. स्वयंसेवक म्हटलं. मामा, तुम्हाला काम काय असतं ते तरी माहीत आहे का?

मामा : सांग ना मंग. मी बी टॉकीजातच घासली जवानी.

भाची : महोत्सवाच्या आधीचा आठवडा सिनेमे गोळा करण्यात जातो. काही हार्डडिस्कवर येतात, काही इंटरनेटवरून उतरवायचे असतात. एकेक सिनेमा म्हणजे दीड-दोनशे जीबीचा डीसीपी. तो थिएटरच्या सर्व्हरवर चढवायला वेळ लागतो आणि चढवून काम संपत नाही. त्याला कुलूप असतं. किल्ली वेगळी येते, ईमेलने. केडीएम म्हणतात. ती किल्ली त्याच सर्व्हरला लागते, शेजारच्या स्क्रीनच्या सर्व्हरला लागत नाही. आणि तिला वेळ ठरवून दिलेली असते : या तारखेला इतक्या वाजल्यापासून इतक्या वाजेपर्यंत. त्याच्या एक मिनिट आधीसुद्धा सिनेमा उघडत नाही.

मामा : म्हंजे पैसे देल्याशिवाय काटा उघडत नाही तसं.

भाची : तसंच समजा. यंदा युरोपातून एक सिनेमा आला. शो आपल्याकडे सकाळी साडेनऊचा. किल्लीवरही साडेनऊच लिहिलेलं. सगळ्यांनी पाहिलं, बरोबर म्हणाले. मी रात्री पुन्हा पाहिलं तर ते साडेनऊ तिकडचे होते. आपल्या घड्याळात दुपारचे दोन. साडेनऊला तीनशे माणसं अंधारात बसवून आम्ही काय दाखवणार होतो? रात्रीच मेल टाकला. तिकडे संध्याकाळ होती म्हणून माणूस भेटला, नवी किल्ली आली.

मामा : कोनी पाहिलं म्हनतं ते रात्री?

भाची : मी.

मामा : किती वाजता?

भाची : अकरा वाजले असतील. शेवटचा शो सुटेपर्यंत स्क्रीन मोकळा होत नाही ना. तो सुटला की दुसऱ्या दिवशीचे सिनेमे तपासायचे. सुरुवातीची काही मिनिटं, मधली, शेवटची. चौकट फ्लॅट आहे की स्कोप. फ्लॅटचा सिनेमा स्कोपमध्ये लागला तर माणसांची डोकी कापली जातात. आवाज सगळ्या स्पीकरमधून येतो का. सबटायटल दिसतात का, आणि दिसले तर कोणत्या भाषेत. एकदा सिनेमा कोरियन आणि सबटायटल फ्रेंच, असं निघालं होतं.

इथे मामांचा चेहरा जरा बदलला. आपलं जुनं काम वेगळ्या कपड्यांत पाहिल्यासारखा. मग ते स्वतःच सांगत सुटले आणि मी त्यांना अडवलं नाही. दोन हजार फुटांचं एक रीळ, मिनिटाला नव्वद फूट, म्हणजे जेमतेम बावीस मिनिटं. दोन यंत्रं शेजारी-शेजारी. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या यंत्राची मोटार सुरू, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला झडप बदलायची. बदल चुकला तर खालून शिट्ट्या. कार्बनच्या कांड्या जळत जातात तशा त्या जवळ सरकवत राहायच्या, नाहीतर पडदा पिवळा पडतो. आणि एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालायच्या तेव्हा संपलेलं रीळ सायकलवर घालून दुसऱ्या टॉकीजला पोचवायचं काम यांचं. मध्ये फाटक बंद मिळालं तर तिकडचे प्रेक्षक खुर्च्या बडवत. मामांच्या सांगण्यात तक्रार नव्हती. मजा होती. भाचीने ती नेमकी पकडली.

भाची : बघा! किती खुश होऊन सांगता. पैशासाठी करत होतात का ते?

मामा : हो.

भाची : मामा!

मामा : खोटं कायले बोलू? मजा येत होती, बरोबर आहे. पन शनिवारी मालक पैसे मोजून देत होता. कमी देत होता, उशिरा देत होता, पन देत होता. मजा येते म्हनून त्यानं कापले नाहीत. तुले मजा येते, हेच तुह्या पगाराचं कापनं झालं.

माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात नेमकं वाक्य हे होतं. पण भाचीकडे उत्तर होतं, आणि ते हलकं नव्हतं.

भाची : तुमच्या टॉकीजचा मालक धंदा करत होता. महोत्सव धंदा नाही. बंगालमध्ये सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली फिल्म सोसायटी काढली. कोणी पगारी नव्हतं. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८पासून चाललंय, सभासदांच्या वर्गणीवर आणि लोकांनी घरचं खाऊन केलेल्या कामावर. १९५२ साली मुंबईत देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, तोच पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला गेला. त्यात ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला. तो पाहून बिमल रॉय यांनी ‘दो बिघा जमीन’ काढला. हिशोब मांडून बसले असते तर हे झालं असतं का? इराणचा, व्हिएतनामचा सिनेमा नागपुरात कोणता मालक आणेल? शंभर तिकिटंही जाणार नाहीत.

मामा : हे चांगलं सांगितलं. ‘दो बिघा जमीन’ मी पाहिला आहे. बलराज साहनी रिक्षा वढते. बरं, मले एक सांग. तो हार्डडिस्कचा डब्बा येते, तो कोन आनते?

भाची : कुरिअरवाला.

मामा : फुकट?

भाची : नाही.

मामा : हॉलचं भाडं?

भाची : असतं.

मामा : पाहुने इमानानं येतात, हाटेलात राहतात. त्याचे पैसे? मंडपवाल्याचे? फ्लेक्सवाल्याचे? हॉल झाडनाऱ्या बाईचे?

भाची : तिला कंत्राटदार देतो. कमी देतो.

मामा : कमी देतो, पन देतो. म्हंजे धंदा नाही हे फक्त तुह्यापाशी येऊनच आठवते त्याइले.

भाची थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली की हे तिलाही दिसतं, पण ‘अंदाजपत्रकात बसत नाही’ असं सांगतात, आणि ते खोटं नसतं. प्रायोजक शेवटच्या आठवड्यात माघार घेतो. सरकारी मदत महोत्सव उरकल्यावर येते. आयोजकांपैकी काहींनी स्वतःच्या खिशातले घातलेले तिने पाहिले आहेत. मला वाटतं हे नोंदवणं गरजेचं आहे. छोट्या शहरातला महोत्सव चालवणारी माणसं बहुधा सावकार नसतात. तीही त्याच वेडाने पछाडलेली असतात, फक्त त्यांचं नाव निमंत्रणपत्रिकेवर असतं.

मामा : हमालाले बी हेच सांगत होते बापा. ‘व्यापार मंदा आहे, पुढच्या हंगामात पाहू.’ हमाली मुकादमाच्या हातात, मुकादम देईल तेवढी. पाठ मोडली तं घरी बस. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडी उभे केले, तवा १९६९चा कायदा झाला. त्यात काय केलं? मालकानं मजुरी मंडळात भरायची, वरून लेव्ही भरायची. मंडळ आमाले पगार वाटनार, अन् लेव्हीतून फंड, बोनस, ग्रॅच्युइटी. कायद्यात नाव काय देलं आमाले? असंरक्षित कामगार. मी तुले पाहतो तं मले तेच दिसते.

भाची : आणि त्याच कायद्याचं नाव घेऊन गाडी अडवून वसुली करणारे निघाले, ते नाही सांगत? माल एकाने उतरवायचा आणि पैसे दुसऱ्याने मागायचे.

मामा : निघाले. नाही म्हनत नाही. त्या लोकाइनंच आमचं नाव खराब केलं.

भाची : अजून एक विचारू? इथून भिवापूर, मांढळकडे जा. मिरची निवडण्याच्या सातऱ्यावर बाया दिवसभर देठ खुडत बसतात. किलोवर पैसे. रात्री हात पाण्यात घालून झोपतात, इतकी आग होते. ती मिरची तुमच्या काट्यावर आली, तुम्ही तोलली, तोलाई पट्टीवर लागली. त्या बाईचं नाव कुठे आहे पट्टीवर? कोणत्या मंडळाच्या रजिस्टरात आहे?

मामा बोलले नाहीत. चहा आला होता, तो त्यांनी बशीत ओतला.

मामा : नाही.

भाची : मग तुमची पट्टीही अर्धीच आहे.

मामा : अर्धी आहे. म्हनून फाडून टाकू का?

माझ्या नोंदवहीत इथे वादाची दिशा वळते. तोवर प्रश्न होता पैसे की प्रेम. आता प्रश्न आला लिहिण्याचा. आणि तो भाचीच्याच तोंडून आला, बोलता बोलता, एका वेगळ्याच तक्रारीतून.

ती सांगत होती मल्टिप्लेक्सच्या कर्मचाऱ्यांशी रोज होणाऱ्या तंट्याबद्दल. तिथली सवय अशी की गोष्ट संपली, पडद्यावर नावं वर सरकू लागली की दिवे लावायचे, दारं उघडायची, झाडू घेऊन आत यायचं. पुढच्या शोला पंधरा-वीस मिनिटं असतात; त्यांचंही बरोबर. पण महोत्सवाचा नियम वेगळा. शेवटचं नाव जाईपर्यंत दिवे लावायचे नाहीत. प्रकाशयोजनेचा तिसरा सहायक, जेवण पुरवणारा, गाडी चालवणारा, सगळ्यांची नावं अंधारात, पूर्ण. भाची त्यासाठी दिव्यांच्या बटणाजवळ उभी राहते. म्हणते, एकदा तर हात आडवा धरून उभी राहिले.

मामा : पाट्या पूर्ण दाखवता म्हन. बरं करता. आमच्या वेळी तं जन गन मन झालं का लोक सायकल स्टँडकडे पळत. त्यात तुहं नाव असते का व?

भाची : माझं कसं असेल? तो सिनेमा दुसऱ्यांनी केला.

मामा : सिनेमाच्या पाटीवर नसन. महोत्सवाच्या पुस्तकात?

भाची : ‘स्वयंसेवक चमू’ असं असतं शेवटी. आभारात.

मामा : चमू.

त्यांनी तो शब्द असा उच्चारला की भाचीला हसू आलं आणि लगेच राग आला.

भाची : तुम्ही चेष्टा करू नका. दिव्याच्या बटणाजवळ मी उभी राहते म्हणून कोरियातल्या कुठल्या सुताराचं नाव नागपुरात दिसतं. त्याला कळणार नाही, मला कळतं. त्याचं मोल कसं लावाल?

मामा : त्याचं नका लावू. बटनापाशी उभं राहायचं लावा.

मी मध्ये पडलो आणि कानची गोष्ट सांगितली. २०२४च्या मे महिन्यात कान महोत्सव सुरू व्हायच्या तोंडावर फ्रान्समधल्या महोत्सव कामगारांनी संपाची हाक दिली होती. प्रोजेक्शनवाले, कार्यक्रम आखणारे, पत्रकारांची सोय पाहणारे, तिकीट खिडकीवरचे. ‘पडद्यांखाली कंगाली’ अशा अर्थाचं नाव घेऊन त्यांनी गट बांधला होता. ही माणसं पगारी होती, पण दोन-तीन आठवड्यांच्या करारावर, आज या महोत्सवात, उद्या त्या. मधल्या रिकाम्या दिवसांसाठी फ्रान्समध्ये नटांना आणि तंत्रज्ञांना बेकारी भत्त्याची खास सोय आहे. महोत्सव कामगारांतल्या बहुतेकांना ती लागू नव्हती. म्हणणं एवढंच होतं की आम्हालाही त्या यादीत घ्या.

आणि त्याच वर्षी, त्याच कानमध्ये, पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला ग्रां प्री मिळालं. तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत गेलेला भारतीय सिनेमा. त्यात छाया कदम यांनी केलेली पार्वती आहे. रत्नागिरीकडची, मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाकाचं काम करणारी. बिल्डर तिला खोलीतून काढतो आणि ती काहीच करू शकत नाही, कारण इतकी वर्षं तिथे राहिल्याचा कागद तिच्याजवळ नाही. कानच्या प्रेक्षकांनी या सिनेमाला उभं राहून टाळ्या दिल्या. टाळ्या वाजत होत्या त्या थिएटरच्या मागे काम करणारे लोकही कागदच मागत होते.

भाची : हे मला माहीत होतं. मुद्दाम बोलले नव्हते.

मामा : काऊन?

भाची : तुम्ही म्हणाल, पाहा, गोरे लोकही माझ्याच बाजूचे आहेत.

मामा : आहेतच. (हसून) पन त्याइले पगार तरी होता. तू तं अजून त्याच्याही मागं आहे.

मग बोलणं ‘कोर्ट’वर गेलं. नागपूरच्या माणसाला या सिनेमाचा विषय निघाला की वीरा साथीदार आठवतात. चैतन्य ताम्हाणेंनी २०१४च्या त्या सिनेमात नारायण कांबळे या लोकशाहिराची भूमिका त्यांना दिली. व्हेनिसला ओरायझन्स विभागातलं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक मिळालं, इकडे सुवर्णकमळ मिळालं, ऑस्करसाठी भारताने तो पाठवला. साथीदार एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. मामांनी त्यांना मोर्चांत पाहिलं होतं, ओळख नव्हती. भाचीने सिनेमा पाहिला होता. त्याची गोष्ट मामांना तिनेच सांगितली : गटार साफ करणारा कामगार मॅनहोलमध्ये मरतो, आणि शाहिरावर आरोप ठेवतात की तुझ्या गाण्याने त्याने आत्महत्या केली. कामगाराला मास्क नव्हता, साधन नव्हतं, हे कोर्टात कितीतरी उशिरा निघतं.

मामा : हा पिक्चर तुमच्यासारख्याच पोट्ट्याइनं गावोगावी लावला असन.

भाची : हो. महोत्सव नसते तर तो कोणी पाहिला असता?

मामा : मी तेच म्हनून राहिलो. गटारातल्या मजुराचा पिक्चर दाखवाले बी मजुरीवाचून पोट्टे लागतात. पाहनारे लोक बाहेर येऊन डोळे पुसतात. अन् तिथंच दारावर तू उभी असते सकाळपासून बिस्कुटावर.

भाची : बिस्किटावर नाही, जेवण असतं.

मामा : जेवाले टाइम भेटते?

ती काही बोलली नाही. याचं उत्तर नंतर कळलं, ते पुढे येईल.

भाचीने मग असा दाखला काढला जो मला वाटतं तिने काढायला नको होता. ती म्हणाली, सिनेमाच मुळी असा सुरू झाला. १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मला रात्री अंधारात भोकं पाडत, फिल्म धुवायला मदत करत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत. दादासाहेबांनी त्यांना पगार दिला का?

मामा : दागिने कोनाचे गेले?

भाची : त्यांचेच.

मामा : पिक्चरात नाव?

भाची : नाही.

मामा : मंग तू कोनाच्या बाजूनं बोलून राहिली बाई?

भाची खळखळून हसली. वादात हरल्यावर असं हसता येणारी माणसं मला आवडतात. पण ती हरली होती असंही नाही. हसू ओसरल्यावर तिने जे सांगितलं त्याला मामांकडे उत्तर नव्हतं. ती म्हणाली, पैसे आले की निवड येते. आज कळमन्यातली, कामठीतली, पारडीतली कोणीही पोरगी जाऊन म्हणू शकते, मला मागे काम करायचं आहे. इंग्रजी येत नाही, कोणाची ओळख नाही, तरी घेतात, कारण फुकट आहे. उद्या रोजी लावली तर दहा जागा निघतील आणि त्या दहा जागांवर फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेली, मुंबईत काम केलेली पोरं बसतील. ‘मला सर्व्हरसमोर कोणी उभं केलं असतं? डीसीपी काय हे मी तिथेच शिकले. माझी फी समजा.’

मामांनी मान हलवली, पण होकाराची की विचाराची, कळलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, मार्केटमध्येही नवा पोट्टा टोळीत येतो तेव्हा पहिल्या दिवशी पोतं पेलत नाही. तरी टोळीचा हिशोब होतो तेव्हा त्याचा वाटा बाजूला काढतात. शिकायचं म्हणून कोणी शून्यावर ठेवत नाही.

‘टोळीत घेतात कोणाला?’ भाचीने विचारलं. ‘भाऊ, पुतण्या, जावई.’

‘ते बी खरं,’ मामा म्हणाले.

असं बरंच झालं. दोघंही एकमेकांचा मुद्दा मान्य करत होते आणि जागा सोडत नव्हते. मला तर वाटतं भाचीचा मुद्दा उद्याचा आहे आणि मामांचा आजचा; आणि आज रात्री बारा वाजता घरी कसं यायचं हा प्रश्न आजचाच असतो. कारण ते प्रकरणही निघालं. मेट्रो सीताबर्डीवरून प्रजापती नगरपर्यंत येते, तिथून घर जवळ. पण शेवटचा शो सुटून दुसऱ्या दिवशीची तपासणी होईपर्यंत मेट्रो कधीच बंद झालेली असते. ऑटोवाला त्या वेळी कळमन्याला यायला तयार नसतो, किंवा मागेल ते घेतो. तेव्हा महोत्सवाचे सगळे दिवस मामा स्कूटर घेऊन थिएटरच्या मागच्या दाराशी उभे.

मामा : म्हंजे मी बी स्वयंसेवकच झालो. मले तं टी-शर्ट बी नाही.

भाची : पुढच्या वर्षी आणते. एक्सएल ना?

मामा : हसू नको. मी नसतो तं तुले पाठवलं असतं का घरच्याइनं? अन् ज्या पोरीले मामा नाही तिनं काय करायचं? तू म्हनते फुकट आहे म्हनून कोनीही येऊ शकते. येऊ शकते, जाऊ शकत नाही.

यावर मात्र भाचीने पर्समधून पेन काढलं. पुढच्या वर्षी तिला प्रिंट ट्रॅफिकची सगळी जबाबदारी घ्यायला सांगितलं आहे. होकार कळवायचा होता. तिने चहाच्या दुकानाच्या बिलामागे लिहायला घेतलं. रात्री दहानंतर थांबणाऱ्यांना घरापर्यंत गाडी. हे मामांनी सांगायच्या आधीच तिने लिहिलं. दुसरं : जेवणाला ठरलेला अर्धा तास आणि त्या अर्ध्या तासात दाराशी उभं राहायला दुसरा माणूस. (जेवायला वेळ मिळतो का, याचं उत्तर हे.) तिसरं : पुस्तकात ‘चमू’ नको, नावं हवीत आणि नावापुढे काम हवं. चौथ्यावर थांबली.

मामा : रोजी लिही.

भाची : सगळ्यांना? दारावर पास पाहणारी कॉलेजची पोरं असतात, ती दोन तास उभी राहतात आणि उरलेला दिवस सिनेमे पाहतात. त्यांना पास पुरे. ती सिनेमे पाहायलाच येतात.

मामा : अन् तू किती पाहिले?

भाची : पूर्ण? (थांबून) एकही नाही. सुरुवातीचे, मधले, शेवटचे तुकडे पाहिले सगळ्यांचे.

मामा : मंग तुले पास कशाचा देतात व ते?

तिने चौथ्या ओळीत ‘ज्यांना सिनेमा पाहायला वेळ मिळत नाही त्यांना रोजी’ असं लिहिलं. मला ही वाटणी पटली. मामांना पटली नाही; त्यांच्या मते दोन तास उभं राहणाऱ्यालाही दोन तासांचं द्यावं, मग त्याने त्या पैशाचं तिकीट काढावं की भजी खावी हा त्याचा प्रश्न. यावर दोघांची बरीच बाचाबाची झाली, ती इथे देत नाही, कारण तीत नवीन काही नव्हतं. शेवटी आकड्यावर गाडी आली.

भाची : किती लिहू?

मामा : सकाळी आठ ते रात्री बारा. दोन पाळ्या झाल्या. दोन पाळ्यांचे लिही.

भाची : एवढं लिहिलं तर ते दुसऱ्याला घेतील, मामा.

मामा : घेऊ दे ना. ते साडेनऊ कोनत्या देशातले, ते त्याले समजते का पाहू.

भाची : समजतं. जाता जाता मीच शिकवून आले त्याला, फुकट.